लेकीच्या घरचं पाणी

कराडच्या स्टँडवर गाडीची वाट बघत बसलेल्या विजयमालाचे कान मागच्या बाकावरच्या दोघा म्हाताऱ्यांकडं लागले.

"लालासाहेब, तू मिलिट्रीत हुतास. अमेरिकेला लेकीकडं जायाचं तर व्हिसाला काय लागतंय रं?"

"जावयाचं पत्र. सासऱ्याचं खाणंपिणं मी बघतो म्हणून."

"मग जमायचं न्हाई. लेकीला लेकरू हुईस्तवर तिच्या घरचं पाणीबी पीत न्हाई आमी."

"आरं, मग निघालास कशाला?"

"पयलं बाळंतपण हाय तिचं."

"आकाराम, मग बाळ झाल्यावर जा की."

"पोरगी तिकडं कळा सोसणार, आन् मी हितं बसू व्हय?"

"मग पी पाणी गप!"

"लालासाहेब..."

"आता काय?"

"कृष्णामाईचं पाणी घागर भरून संगं न्यायाचं, तर घागरीलाबी व्हिसा लागतोय का रं?"