निवडायचा राहिलेला माईक

कोलकात्याच्या चांदनी मार्केटात बाबांचा लॅपटॉप मांडीवर घेऊन मी दुरुस्तीसाठी बसले होते. माझ्या आधी एक थकलेले गृहस्थ होते; दुरुस्ती करणारा तपन त्यांचा लॅपटॉप तपासत होता.

“काकाबाबू, रेकॉर्डिंगचं सेटिंग कुणी केलं होतं?”

“मीच, तपन. बायकोच्या गाण्यांसाठी.”

“तुम्ही माईक निवडलाच नाहीत. सगळं लॅपटॉपच्या आतल्या माईकवर आलंय.”

“तिच्यासमोर एवढा महागाचा ठेवला होता!”

“तो नुसता शोभेला. लॅपटॉप कुठे असायचा?”

“बाहेर, माझ्यापाशी. टीव्हीसमोर.”

“म्हणून काकीमा लांबून ऐकू येतात. त्यांच्याकडून पुन्हा गाऊन घ्या.”

“ती गेली रे, पौषात. आवाज वाढव तिचा.”

“तुमचाही वाढेल.”

“मी काय म्हणतोय?”

“‘अगं, दार लाव, मॅच ऐकू येत नाही.’”

“एकदाच ना?”

“प्रत्येक गाण्यात, काकाबाबू.”

“असू दे. वाढव.”