चराच्या पलीकडच्या काठापर्यंत

हॅलो?… हां, थेल्मा, बोल… नाही गं, बूट काढत होते. चिखलाने पाय नुसते जड झालेत.

हो, झाली सभा… जिंकलो. जिंकलो म्हणते ना! रूपर्टला आता त्याच्या गाडीसाठी बांध फोडता येणार नाही… कुठला म्हणजे? अगं, आपल्या गावच्या रानाभोवतीचा! लहानपणी घसरायचो तो. आठशे वर्षं उभाय, आणि ह्याला तिथे फाटक हवं…

तो म्हणाला, बांधाबाहेरचा चर माझ्या बागेत येतो… अगं ऐक ना. मी म्हटलं, बाबा रे, गुरांनी रानातल्या झाडांचे कोवळे फुटवे खाऊ नयेत म्हणून जुन्या लोकांनी चर खणला, माती आपल्याच बाजूला टाकली, त्याचाच हा बांध झाला. म्हणजे बांध रानाचा, चरही रानाचा. पार पलीकडच्या काठापर्यंत!… हो, टाळ्या पडल्या. चहा आला.

आणि मग हा रूपर्ट, अगदी गोड आवाजात… "बेरिलबाई, हाच चर पुढे तुमच्या परसातून जातो ना?"

…हो ना. बुजलाय, पण आहे. त्याच्यावरच माझ्या डेस्मंडने बांधलेलं कोंबड्यांचं खुराडं… सगळे आपापल्या कपात बघायला लागले. पाद्रीबुवासुद्धा.

गप्प कशी बसू? त्याला एक न्याय आणि मला एक?… माहितीये, थेल्मा. आजारपणात बांधलं, शेवटचं काम त्याचं. मला सांगतेस?… रडत नाहीये. दमलेय.

सांगून टाकलं, सोमवारी काढते… रूपर्ट? त्याचा चेहराच पडला. पहार घेऊन मदतीला येतो म्हणाला… छे, पहार कशाला! एक खिळा नाही त्यात, सगळे स्क्रू. मी हातोडी घेतली तर ओरडला होता माझ्यावर. "बेरिल, इथे खिळे नकोत, कधीतरी उचलावं लागेल." मी म्हटलं, का रे? तर नुसता हसला…

…

आहे, आहे मी… थेल्मा, त्याला माहीत होतं गं. चर कुठून जातो ते. नवरा मेला, तेवढं सांगून नाही गेला…

हो, हो… खुराडं तुझ्याकडे? कोंबड्यांसकट?… कोंबडा पहाटेच आरवतो हं… बरं. मग शनिवारीच ये. आणि येताना स्क्रू ड्रायव्हर आण. डेस्मंडचा कुठे ठेवलाय, देव जाणे… हो. ठेवते.