फडक्यातली रोटी

नारिन शहरातल्या कडाक्याच्या थंडीत मी रोटीच्या रांगेत उभा होतो. माझ्यामागे एक नवरा-बायको. रस्त्याकडेला त्यांची गाडी इंजिन चालू ठेवून धूर सोडत होती. दारं बंद, किल्ली आत.

“अहो, उतरताना किल्ली काढायची ना.”

“आणि पुन्हा चालू झाली नसती म्हणजे? या गारठ्यात कोण बंद करतं गाडी?”

“दुसरी किल्ली भाऊजींकडे आहे.”

“काच फोडतो.”

“त्यांनीच दिलेल्या गाडीची?”

“गाडी दिली, पण एक किल्ली दाबून ठेवली. म्हणे मोठा भाऊ.”

“हरवली म्हणाले होते ते. तुम्ही चार पाहुण्यांदेखत त्यांना खोटारडं ठरवलंत आणि रोटीचा तुकडाही न मोडता उठलात. वैऱ्याच्या घरूनसुद्धा माणूस घासभर तोंडात टाकूनच निघतो.”

“बुरुल, पुरे. फोन लाव. मी शेजारी आहे हे सांगू नकोस.”

“जाऊबाई, मी बोलतेय... हो, गाडीचीच... अगंबाई... बरं, ठेवते.”

“काय म्हणाल्या?”

“किल्ली आहे. तुम्ही अंगणात बूट चढवत होतात, तेवढ्यात सापडली होती.”

“मग तेव्हाच का नाही दिली?”

“भाऊजी फडक्यात रोटी घेऊन गाडीमागे धावले होते ना?”

“आरशात दिसले होते.”

“त्याच फडक्यात होती.”

“मला वाटलं, नुसती रोटीच असेल.”