खाणीच्या तोंडाशी लाल झगा

"ब्राउनेकसाहेब, मला तुमच्या बोगद्यात नेता का?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून घोडागाडीच्या थांब्यावर, नेवाडाभरची धूळ खात, मी खरंच विचारलं! बोगदा खोदणारे ब्राउनेकसाहेब हसले. शेजारी बसलेला आमच्या चांदीच्या खाणीचा मुकादम पेन्हॅलो मात्र उखडला.

"पळ गं! खाणीच्या तोंडाशी बाईमाणूस दिसलं, तर अपशकुन म्हणून एकजणही खाली उतरत नाही."

मी पळाले, ती थेट बाकामागे.

"पेन्हॅलो, उद्या सकाळी शेवटचा सुरुंग. तुमच्या खाणीत साचलेलं पाणी माझ्या बोगद्यातून निघून जाईल. तेवढी सकाळ माणसं उतरवू नका."

"मालक पाळी बंद ठेवत नाहीत."

"अहो, उकळतं पाणी आहे! मधली भिंत फुटली की दोन्हीकडे उसळेल."

"मग सुरुंग लावू नका."

"भिंत आताच गळतेय. आज ना उद्या फुटणारच."

"साठ माणसं सातला उतरणार. जो उतरणार नाही, त्याची नोकरी गेली."

त्या साठांत बाबा होते.

घरी आई त्यांच्या उद्याच्या डब्यासाठी मांसाच्या करंज्या भाजत होती. सगळं ऐकूनही बाबा म्हणाले, "जावं तर लागेलच, पोरी."

"आई, बाबा, उद्या मी शाळेत जाणार नाही. सहा वाजल्यापासून लाल झगा घालून खाणीच्या तोंडाशी बसणार आहे."