छप्पर धाकटीचं, भिंती थोरलीच्या

वादळानंतर शाळेत ताडपत्र्या वाटत होते. रांगेत गावातल्या शिंप्याच्या पुढे दोघी जावा उभ्या होत्या आणि त्याचे कान त्यांच्याकडेच लागले होते.

“जाऊबाई, माझं छप्पर उडून तुमच्या भिंतींवर अलगद बसलं, हे आधी मान्य करा.”

“अलगद? माझा माठ फोडला त्यानं! आणि गळतंय किती!”

“तुमचं तर पार नदीपलीकडे गेलं. माझे पत्रे नसते तर भिजत बसला असता.”

“माझ्या भिंती नसत्या तर तू कुठे झोपली असतीस? तुझ्या तर सगळ्या आडव्या झाल्यात.”

“झोपू कुठे देता? रात्रभर घोरता!”

“आणि तू झोपेत बडबडतेस. वाटणी झाल्यापासून विसरलेच होते मी.”

तेवढ्यात त्यांचा नंबर आला. टेबलामागच्या बाईंनी विचारलं, “घरं किती?”

“दोन,” धाकटी म्हणाली.

“एक,” थोरली म्हणाली.

“नक्की काय ते सांगा. दोन असतील तर दोन ताडपत्र्या मिळतील.”

“एकच द्या हो बाई. दुसरी मिळाली की ही पुन्हा वेगळी राहायला जाईल.”

धाकटीनं ताडपत्रीचं दुसरं टोक उचललं.