पाठकोरे कागद

— खराब निघालेली कॉपी पण परत पाहिजे? घ्या ना ताई, बरोबर आहे तुमचं, असं मागणारं गिऱ्हाईक महिन्यात एखादंच. बाकीचे काय करतात — आधारची झेरॉक्स काळी आली, की सोडून जातात इथेच, काउंटरवर. नाव, जन्मतारीख, खोली नंबर, सगळं. किळस येते मला. आणि हेच लोक चहा पीत विचारणार, सरकारकडे आपली माहिती सेफ आहे का. अरे, तुम्ही ती माझ्या दुकानात टाकून गेलात —

फायदा नाही असं नाही हां. आम्ही लातूरहून इथे खारीच्या वस्तीत आलो तेव्हा बँकवाले म्हणायचे, ओळखीचा माणूस आणा. कुठून आणू? आता कार्ड दाखवलं, अंगठा लावला, खातं चालू — कुणाच्या मागे फिरायला नको. तिकडे दिल्लीत तो अंगठा कोण सांभाळतंय, माहीत नाही. मला भीती या गल्लीची वाटते. का? कारण खराब कागद पाठकोरे असतात हो, फाडवत नाहीत. लहानपणी आमच्या वह्या पाठकोऱ्या कागदांच्याच. म्हणून इथेही मी खराब कॉप्यांचा गठ्ठा करून ठेवायची. मग तो नाक्यावर छत्रीखाली सिम विकणारा आला — पंचशीलाभाभी, लिखने के लिए पेपर दो ना. दिला. एकदाच? नाही, चार-पाच वेळा. माझा रिचार्ज मारून द्यायचा, फुकट. एवढं काय लिहितोस, मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, कळत होतं मला.

मागच्या महिन्यात शेजारच्या केसरबाईंना पोलिसांनी बोलावलं. त्यांच्या नावावर सहा सिम, त्यावरून लोकांना फसवलंय. बाईंना धड मिस कॉल देता येत नाही. इथेच बसल्या, म्हणाल्या, पोरी, अर्ज लिहून दे, माझं कार्ड बाहेर कसं गेलं मला ठाऊक नाही. लिहिला मी — 'मला ठाऊक नाही', माझ्या अक्षरात. वर माझ्या डोक्यावर हात ठेवून गेल्या. शी. आणि आता पोलीस म्हणतात, कार्ड कुणाच्या हातात दिलं होतं ते सांगा, तर बाईंचा संशय समाधानवर. त्यांचा सख्खा भाचा, परवा नोकरीला लागलाय.

नाही, कुणाला बोलले नाही मी. तुम्हाला तरी का सांगतेय —

त्या बघा, केसरबाई आल्याच. निघा ताई तुम्ही. राहू द्या सुट्टे, नंतर द्या. निघा म्हणतेय ना.

— या मावशी, बसा. हां, कागद घेतलाय. पूर्ण नाव सांगा समाधानचं.