माहे पाय अन फोनातलं वावर

मी मूळची बार्शीटाकळीकडची, नाव सुभद्रा. लगन होऊन इकडं हिवरखेडले आली तं पह्यल्याच साली सासूनं मले बायाईसंगं खत टाकाले नेलं, अन तवापासून दुसऱ्याच्याच वावरात राबून राह्यली. सासू म्हने चपला बांधावर काढ, जमीन कुठं भुकेली हाये अन कुठं वल धरून हाये ते पायाले कळते, अन काय सांगू तुमाले, मले खरंच कळे. ज्याइच्याकडं मी मजुरीले जाई त्या रशीदभाईच्या वावरात खत टाकाच्या दिवशी आधी मीच एकटीनं उघड्या पायानं फिराचं, मंग ते मले इचारत, काकू, कुठं किती, अन मी सांगीन तेवढ्याच मुठी बाया टाकत. माहा तेवढाच मान होता, दुसरं होतंच काय माह्याजवळ.

मंग साखरेची बीमारी लागली अन पाय बधिर झाले. काटा मोडला तरी कळे ना. पन मी कोनाले सांगतलं नाही, तशीच फिरत राह्यली, मागच्या सालच्या आठवनीवर सांगत राह्यली, इथं दोन मुठी, तिथं एक. लबाडीच होती ते, आता लपवून काय करू.

एका साली रशीदभाईनं फोनात आपल्या वावराचा नकाशा दाखवला. म्हने उपग्रह आभायातून पाह्यते, पराटी, म्हंजे कपाशी, हिरवीगार असली तं नकाशा हिरवा, पिवळी पडली तं लाल, अन लाल तिथं युरिया जास्त. फोन म्हने बोरीजवळच्या तुकड्याले द्या, मी म्हनलं तिथं काई गरज नाही. त्याइनं अर्ध्यात फोनचं ऐकलं, अर्ध्यात माहं. दिवाळीले फोनच्या अर्ध्यात बोंडंच बोंडं, अन माह्या अर्ध्यात पराटी गुडघ्याएवढी. पुढच्या साली त्याइनं मले इचारलं बी नाही.

त्या साली नाल्याकडचा तुकडा लाल आला. बाया युरियाची टोपली घेऊन चालल्या, मी बी चालली. अन तो तुकडा मले माहीत होता हो, तिथं पानी तुंबते, मुळ्या सडतात म्हून पराटी पिवळी पडते, तिथं खत नाही, चर खोदून पानी काढाले पायजे. तोंडापर्यंत आलं, पन मागच्या साली तोंडघशी पडली होती, वाटलं हे बी खोटंच निघन, तं काहून बोलू. चूप राहून माह्याच हातानं मुठी टाकल्या. आठ दिवसांत पुऱ्या तुकड्यानं मान टाकली. रशीदभाई म्हने, काकू, तुमाले माहीत नव्हतं का? मी म्हनलं, नाही भाई.

आता डाव्या पायाची दोन बोटं डाक्तरनं काढली, घरीच असते. परवा रशीदभाई आले, फोन दाखवून म्हने, काकू, नाल्याकडचा तुकडा यंदा बी लाल आला, काय करू? तवा मी समदं सांगतलं, पायाचं, चूप राह्यल्याचं, समदं. त्याइनं फोन खिशात टाकला अन म्हने, चला, गाडीवर बसवून नेतो, डोयानं तं दिसते ना. मी म्हनलं, भाई, तिथं चर खोदा, अन देव तुमच्या वावराले भरभरून देवो, पन मले नेऊ नोका. आता मी सांगतलेलं मलेच खरं वाटत नाही.